स्टिअरिंगमधला प्ले

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतं, मग रंगावरून हात फिरवतं आणि तिथंच फसतं. विजयमाला साळोखेही फसल्या असत्या. पण त्यांच्याबरोबर त्यांचा मेकॅनिक इलाही शिकलगार होता. त्यानं रंगाकडं ढुंकूनही बघितलं नाही. खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर अंथरला आणि तो पाठीवर सरकत गाडीच्या पोटाखाली गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी इचलकरंजीच्या एका सूतव्यापाऱ्याच्या बंगल्यासमोर ही पाहणी चालली होती. गाडीचं नाव शलाका. दोन सीटची, बुटकी, बॅटरीवरची, चार सेकंदांत शंभरावर जाणारी. बारा वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा किंमत ऐकून लोक नुसतेच हसायचे. आता ती साध्या घरगुती मोटारीच्या भावात मिळत होती, कारण कंपनी केव्हाच बंद पडली होती, पार्ट कुठं मिळत नव्हते, आणि असली गाडी पाळायची म्हणजे दारात हत्ती बांधण्यातला प्रकार. व्यापारी हत्तीला कंटाळला होता.

"काय म्हणतेय रे?" माला मॅडमनी वाकून विचारलं. सगळं कोल्हापूर त्यांना माला मॅडमच म्हणायचं.

"बॅटरी दहा आणे हाय," खालून आवाज आला. "सस्पेन्शनचे बुश गेल्यात, ते आपण उद्यमनगरात करून घिऊ. ब्रेकच्या चकत्या बदलाय लागतील. हाडं मात्र चांगली हायत."

"मग घेऊ?"

इलाही बाहेर आला, टॉवेल झटकला. "मॅडम, खरं सांगू? नाकापेक्षा मोती जड हुतोय बघा."

"नाक माझं आहे ना? तू मोत्याचं बघ."

माला मॅडमनी अठ्ठावीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अर्ध्या कोल्हापूरला त्यांनी गाडी शिकवली, इलाहीच्या बायकोलासुद्धा. पण शिकवणारा बसतो डाव्या सीटवर. त्याच्या पायाशी जादा ब्रेक, जादा क्लच, आणि गाडीचा वेग वीस. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या हातांकडं बघत बसलेली ही बाई. लग्न केलं नाही, शाळा हाच संसार. साठी उलटल्यावर शाळा विकली आणि जाहीर केलं, "आता मी उजवीकडं बसणार." भाचे-पुतणे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

व्यवहार झाला, हार घातला, नारळ फोडला. मग इलाहीनं आपला टॅब गाडीला जोडला आणि 'डबी' कोरी केली.

या डबीचं सांगायला हवं. शलाकेत स्टिअरिंगपासून पुढच्या टायरांपर्यंत जाणारा दांडाच नव्हता, मधे नुसत्या तारा. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की एक संवेदक ते मोजायचा आणि पुढची मोटर टायर वळवायची. त्या दोघांच्या मधे जे यंत्र बसवलं होतं त्याला कंपनीनं नाव दिलं होतं 'सांभाळ'. मेकॅनिक लोक म्हणायचे डबी. वेगवान गाडीत माणसाचा हात नेहमीच थोडा मागं पडतो. ही डबी महिना-दोन महिन्यांत चालवणाऱ्याची नजर, तळव्यांचा दाब, सीटवर अंग कसं कलतं हे सगळं शिकायची. एकदा शिकली की त्याला कुठं वळायचंय ते तिला हात हलायच्या आत कळायचं, आणि हात जितका कमी पडेल तितकं ती गुपचूप भरून काढायची. किती भरून काढलं त्याचा आकडा टॅबवर दिसायचा. त्याला म्हणायचे भर. चांगल्या चालवणाऱ्याची भर दोन टक्के, फार तर तीन. गाडी दुसऱ्याला विकली की डबी कोरी करायची, म्हणजे ती जुन्या मालकाला विसरून नव्याला शिकायला लागते.

कोऱ्या डबीची गाडी त्या दिवशी माला मॅडमनी इचलकरंजीहून कोल्हापूरला आणली, तीही काहीच मदत नसताना. इलाही डावीकडं बसला होता. वळणावर गाडी अशी आखल्यासारखी शिरायची आणि बाहेर पडायची की त्याच्या तोंडून आपोआप "आयला!" निघालं.

"भाषा," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचं तोंड लहान पोरीसारखं फुललं होतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला भर दोन निघाली.

मग पाऊसकाळात ती सहा झाली. इलाहीनं भुवया उंचावल्या. कंपनीच्या जुन्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, भर वाढत राहिल्यास पुढच्या यंत्रणेतली झीज तपासावी. म्हणजे कुठंतरी प्ले आलाय. प्ले म्हणजे ढिलाई, दोन पार्टच्या मधे केसभर फट. इलाहीनं चाकं उचलून हलवून बघितली. ढिलाई हाताला लागली नाही, पण बारा वर्षांची गाडी, असणारच. त्यानं स्टिअरिंगच्या रॅकचे, म्हणजे टायर वळवणाऱ्या दातेरी पट्टीचे, बुश नव्यानं करून घेतले. उद्यमनगरात नमुना दिला की काय वाटेल ते तयार होतं. बुश बसवले, स्वतः ट्रायल घेतली. भर शून्य.

"झालं मॅडम. आता बघा कशी चालतीया."

"माझी तर आधीपण छानच चालत होती," मॅडम म्हणाल्या आणि खूश होऊन गेल्या.

गणपतीत भर अकरा.

आता इलाहीच्या डोक्यात किडा शिरला. असल्या कामात तो हट्टी. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते गणपत वस्ताद सांगायचे, "गिऱ्हाइकाच्या हाताला कधी नाव ठेवायचं न्हाई. आपला हात फकस्त गाडीला लावायचा. दोष गाडीतच असतोय, सापडत न्हाई तो आपला दोष." या एका वाक्यावर इलाहीनं तीस वर्षं गॅरेज चालवलं. दुसरे मेकॅनिक "तुम्हीच क्लच जाळला, साहेब" म्हणून गिऱ्हाईक घालवायचे, आणि ते गिऱ्हाईक इलाहीकडं यायचं. तसा तो नियम सोन्यासारखा. त्यानं टाय-रॉडच्या दोन्ही टोकांचे गोळे बदलले. पुन्हा ट्रायल घेतली, पुन्हा शून्य. दसऱ्याला सतरा. मग त्यानं रॅकच खोलला.

मॅडमच्या बारीकसारीक तक्रारी याच काळात सुरू झाल्या. दाराची कडी घट्ट आहे, बोटांना ओढवत नाही. इलाहीनं कडी घासली, तेल दिलं. सीटबेल्टचं बटण दाबताना जोर लागतो. त्यानं आतली स्प्रिंग हलकी केली. पायाखालून ॲक्सिलरेटर सटकतो. त्यानं पेडलवर खरबरीत रबर चिकटवलं. गाडीतून उतरताना पाय जड पडतात, दाराला धरून उभं राहावं लागतं. यावर तर दोघं हसलेच.

"ह्या गाडीत बसायचं म्हंजे हिरीत उतरल्यागत हाय," इलाही म्हणाला. "वर यायला दोर सोडाय पायजे."

"सोड की मग. कसला मेकॅनिक तू?"

त्यानं खरोखरच दाराच्या चौकटीला एक चामड्याचा पट्टा लावून दिला. मॅडम त्याला धरून झोकात उतरायला लागल्या. गिऱ्हाईक सुखी तर मेकॅनिक सुखी.

दिवाळीत बावीस. संक्रांतीला अठ्ठावीस.

आणि गाडी? गाडी झकास चालत होती. कुणीही मॅडमना पन्हाळ्याच्या रस्त्यावर बघितलं असतं तर टोपी काढली असती. पुढच्या यंत्रणेत आता एकही जुना पार्ट उरला नव्हता, तरी आकडा चढतच होता. इलाहीला झोप लागेना. शेवटी त्यानं ठरवलं, डबीच बिघडलीय. खोटंच मोजायला लागलीय. तिच्यातलं सगळं पुसून पुन्हा शिकायला लावू या. त्यानं आधी डबीतल्या शिकवणीची नक्कल करून ठेवली, ती शिस्त त्याला होती, आणि मग डबी कोरी केली.

"एक राउंड मारू या," तो म्हणाला. "मी बाजूला बसतो. पयले थोडे दिवस जरा जड लागंल."

"पहिल्या दिवशी पण कोरीच होती की," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा लागली का जड?"

सकाळचे दहा वाजले होते. गावातून बाहेर पडेपर्यंत मॅडम नेहमीपेक्षा गप्प होत्या. शिवाजी पुलावर त्यांनी एका दुचाकीला फार जवळून ओलांडलं. "जडच आहे रे," त्या म्हणाल्या. इलाही टॅबकडं बघत होता. भर शून्य. म्हणजे सगळं ठीक, असं त्याला वाटलं. पुढं पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळाच्या अलीकडच्या वळणावर समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. वळण डावीकडं होतं. मॅडमनी वळणाकडं बघितलं, अंग कललं, सगळं बरोबर वेळेवर झालं. फक्त हात आले नाहीत. म्हणजे आले, पण उशिरा आले आणि अर्धेच आले. गाडी सरळ ट्रॅक्टरच्या अंगावर निघाली.

इलाहीचा पाय खाली आदळला. तिथं पायपुसणं होतं. त्याच्या बाजूला ना ब्रेक, ना स्टिअरिंग, काही म्हणजे काही नव्हतं. "मॅडम!" एवढंच तो ओरडू शकला.

गाडीच्या आपत्कालीन ब्रेकनं आपणहून काम केलं. शलाका किंचाळत तिरकी झाली आणि ट्रॅक्टरच्या चाकापासून दीड हातावर थांबली. मोळ्यांतून दोन ऊस घसरून बॉनेटवर पडले. ट्रॅक्टरवाला उठून उभा राहिला.

"ओ बाई! लायसन कुणी दिलंय तुमास्नी? कुठल्या शाळंत शिकलाईसा?"

ट्रॅक्टर पुढं गेला, इलाहीनं गाडी ढकलत बाजूला घेतली आणि तो मॅडमच्या दाराशी आला. त्या सीटबेल्ट काढत होत्या. अंगठा बटणावर होता, पण बटण दाबलं जात नव्हतं. जे बटण इलाहीनं इतकं हलकं केलं होतं की फुंकर मारली तरी सुटावं, ते.

त्यानं वाकून ते सोडवलं. मग तो तसाच उकिडवा बसला. खिशात हात घातला, एक नट आणि एक बोल्ट काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"मॅडम, ह्यो नट ह्यावर चढवा बघू."

"काय चेष्टा लावलीयस?"

"चढवा की."

त्यांनी नट चिमटीत धरायचा प्रयत्न केला. तो पडला. पुन्हा उचलला, बोल्टच्या तोंडाशी नेला, पण बोटं फिरेनात. पाच मिनिटं त्या झटत होत्या आणि इलाही बघत होता. दाराची कडी, बटणाची स्प्रिंग, पेडलवरचं रबर, चामड्याचा पट्टा, एकेक काम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि ट्रायल! प्रत्येक वेळी ट्रायल त्यानं स्वतः घेतली होती. त्याला डबी ओळखतच नव्हती, मग ती भरणार काय? म्हणून शून्य. दरवेळी तो शून्य बघून गाडी बरी झाली म्हणत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, पावसाळ्यापासून!

"या अल्ला," तो म्हणाला. "प्ले गाडीत नव्हताच, मॅडम."

मॅडमनी नट मुठीत घट्ट धरला.

"नवीन पोरगी आली ना शिकायला, की पहिले आठ दिवस मी हेच करायची. तिला कळू न देता माझ्या बाजूनं ब्रेक मारायचा, डाव्या हातानं स्टिअरिंग हळूच ओढायचं. पोरगी घरी जाऊन सांगायची, आज मी एकटीनं चालवली." त्यांचा आवाज फुटला. "मला वाटत होतं मी चालवतेय रे. दहा महिने मी इतकी खूश होते, इलाही. आयुष्यात इतकी कधी नव्हते."

इलाही रस्त्याच्या कडेला बसून रडला. लाज वाटली नाही त्याला.

डॉ. मृणाल कोरगावकर या मेंदू आणि मणक्यांच्या शल्यविशारद. त्यांनी मानेचे फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. मानेच्या मणक्यांमधली चकती आणि वाढलेलं हाड मिळून आतला मज्जारज्जू दाबत होतं. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत जायची जी वाट, तीच चेपली गेली होती. दुखत नाही, म्हणून कळत नाही. बटणं लागत नाहीत, पाय जड पडतात, माणूस म्हणतो वय झालं.

"किंवा म्हणतो गाडी बुटकी आहे," मॅडम म्हणाल्या.

"ऑपरेशन करून दाब काढू. म्हणजे जे आहे ते राहील, पुढं जाणार नाही. पण जे गेलंय ते बहुतेक परत येत नाही. गेल्या पावसाळ्यात आला असतात तर..." डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. इलाही तिथंच बसला होता. गेल्या पावसाळ्यात भर सहा होती आणि त्यानं रॅकचे बुश बदलले होते.

त्यानं चाचरत टॅब पुढं केला. डॉक्टर वाकल्या, आकड्यांची चढती रेघ त्यांनी दोनदा बघितली.

"हे कुणाचं आहे?"

"गाडीचं."

"नाही हो, हे यांचं आहे. इतकं बारीक मोजणारं आमच्याकडं काहीच नाही. हा आकडा सहा होता तेव्हा कुठल्याही तपासणीत मला काही सापडलं असतं की नाही, सांगता येत नाही. या यंत्राला मात्र तेव्हाच कळलं होतं."

"मग त्यानं सांगितलं का न्हाई?" इलाही एकदम चिडून म्हणाला. यंत्रानं सांगितलं होतं. दर महिन्याला, आकड्यात, त्यालाच.

त्या आठवड्यात त्यानं आपल्याकडं येणाऱ्या बाकीच्या शलाकांच्या नोंदी उघडल्या. सांगलीच्या एका बिल्डरची भर चौदा होती. त्यानं फोन केला, अदबीनं म्हणाला, "साहेब, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या." बिल्डर म्हणाला, "तुझं काम गाडी बघायचं. माझ्या तब्येतीची उठाठेव तुला कुणी सांगितली?" आणि फोन आपटला. गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली. कळवायचं म्हटलं तर कंपनीच जागेवर नव्हती.

ऑपरेशन झालं. उन्हाळा सरता सरता माला मॅडम मानेला पट्टा लावून रिक्षानं गॅरेजवर आल्या. हात तसेच होते. साडीची पिन आता शेजारीण लावून देत होती. खुर्चीवर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"तू नक्कल ठेवली होतीस ना? ती घाल परत डबीत."

"न्हाई मॅडम."

"का?"

"का म्हंजे? हात चालत न्हाईत तुमचे. परत ट्रॅक्टर आला तर?"

"ट्रॅक्टर आला तेव्हा डबी कोरी होती. तूच केली होतीस," त्या म्हणाल्या. इलाहीनं मान खाली घातली. मॅडमनाही ते लागलं असावं, कारण पुढचं त्या हळू बोलल्या. "हे बघ, चष्मा लावून गाडी चालवणाऱ्याला कुणी अडवतं का? डोळे कमी पडले तर काच चालते, मग हात कमी पडले तर डबी का नाही? मी सगळं आयुष्य डावीकडं बसून काढलं रे. दहा महिने मिळाले उजवीकडचे. तेवढेच का?"

इलाहीनं डॉक्टरांना फोन लावला, मनात म्हणाला, त्या तरी नको म्हणतील. पण डॉक्टर वेगळंच बोलल्या. ऑपरेशननंतर दुखणं खरंच थांबलंय का, हे त्यांना मोजायचं होतं, आणि मोजायला त्या आकड्याइतकं चांगलं साधन नव्हतं. रस्त्यावर मुळीच नाही. बंद मैदानावर, महिन्यातून एकदा, सांभाळून, चाळीसच्या आत. आकडा स्थिर राहिला तर देव पावला.

शहराबाहेर कार्टिंगचा एक जुना ट्रॅक ओस पडला होता, मालक इलाहीच्या ओळखीचा. इलाहीनं सस्पेन्शन होता होईल तितकं मऊ केलं, मानेला हिसका बसू नये म्हणून सीटला उशी शिवून घेतली आणि जुनी शिकवण डबीत परत घातली.

पहिल्या महिन्यात भर एकोणतीस निघाली. दुसऱ्या महिन्यातही एकोणतीस. त्या दिवशी इलाहीनं सगळ्या गॅरेजला भडंग आणि चहा दिला. मॅडमनी दहा राउंड मारले. वळणं अशी घेतली की इलाहीच्या बायकोनं, नसीमनं, कुंपणाबाहेरून टाळ्या वाजवल्या. साडीची पिन न लावता येणारी बाई गाडी रेशमावरून फिरवल्यासारखी फिरवत होती.

तिसऱ्या महिन्यात बत्तीस.

डावीकडच्या सीटवर बसलेल्या इलाहीनं टॅब बंद करून पुन्हा चालू केला. बत्तीस. त्यानं सकाळीच टायरची हवा, रॅक, गोळे, मोटर सगळं तपासलं होतं. तारा धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या.

"किती?" मॅडमनी समोर बघत विचारलं. गाडी वळणात होती आणि त्यांच्या तोंडावर तेच पहिल्या दिवशीचं हसू होतं.

"बत्तीस."

मॅडमनी वळण पुरं केलं, सरळ पट्ट्यावर वेग कमी केला आणि गाडी मधेच उभी केली. हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. इलाहीनं डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि आकडा सांगितला. डॉक्टरांनी पहिल्यांदा गाडीचंच विचारलं.

"गाडीत काही?"

"न्हाई डॉक्टर. कायसुदीक न्हाई."

"परवा फोटो काढून घेऊ. पण तीन टक्क्यांचा फरक फोटोत दिसेलच असं नाही."

"डॉक्टर, मी एक विचारते," मॅडम म्हणाल्या. "हात जातोय म्हणून ही डबी जास्त भरते आहे, का डबी भरते आहे म्हणून हात आयता बसून राहायला लागलाय?"

"मला माहीत नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाल्या, आणि ते प्रामाणिक होतं. "कुणी बघितलेलंच नाही हे अजून. आपण असं करू या, दोन-तीन महिने गाडी पूर्ण बंद ठेवू या."

"आणि मग हात बरा आहे का वाईट, ते मोजायचं कशानं?"

"मी विचार करते. संध्याकाळी फोन करते तुम्हांला." फोन बंद झाला.

ट्रॅकवर ऊन होतं. कुंपणापलीकडं नसीम उभी होती, तिला इतक्या लांबून काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं हात हलवला. मॅडमना हात हलवायचा होता, पण बोटं स्टिअरिंगवरून लवकर सुटली नाहीत. मग त्यांनी तो नाद सोडून दिला.

"मला भीती वाटतेय, इलाही," त्या म्हणाल्या. "ही बंद ठेवली आणि मधल्या काळात हात गेलेच, तर आत्ता मारली ती माझी शेवटची राउंड. आणि ती मी मारली का हिनं, ते पण मला सांगता येत नाही."

इलाही टॅबकडं बघत होता. उभ्या गाडीत आकडा दिसत नाही, पडदा मोकळा होता.

"एक बार... सस्पेन्शन अजून जरा मऊ करून..." तो पुटपुटला.

"गाडीचं नको. गाडीचं खूप ऐकलं तुझं. आज माझं सांग." त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं वळून बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज शाळेतलाच होता, सरळ आणि स्पष्ट. "तू डावीकडं बसलायस. मी सांगते, डावीकडच्यानं बोलायचं असतं. उतरू, का अजून एक मारू?"

त्यानं तोंड उघडलं. गाडी आवाज न करता चालूच होती.

"बोल की रे," मॅडम म्हणाल्या. "उतरू?"